सहीखालची वेळ

चेतनाचा पाय बाकाखाली सारखा हलत होता. शारदा मॅडमनी फोन करून बाबांना शाळेत बोलावलं होतं, आणि रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून ते येईपर्यंत पोरीला ना धड बसवत होतं ना उठवत होतं.

नववीत एक व्यवसाय-विषय निवडायचा होता. बाबा म्हणाले होते कॉम्प्युटर. चेतनानं फॉर्मवर लिहिलं ऑटोमोबाइल, आणि खाली बाबांची सही स्वतःच ठोकून दिली. सही हुबेहूब होती. पण बाबा, म्हणजे मारोती फिटर, सव्वीस वर्षं वॅगन तपासून सही करत आले होते. सहीखाली वेळ टाकल्याशिवाय त्यांचा पेन कागदावरून उठत नसे, अगदी प्रगतिपुस्तकावरसुद्धा. चोरी करायची तर पुरती करावी. ही नेमकी वेळच विसरली, आणि मॅडमच्या ते लगेच लक्षात आलं.

फॉर्मची मुदत त्या दिवशी एक वाजेपर्यंत होती. बाबा आले तेव्हा बारा वीस झाले होते.

"सही माही नाही," ते म्हणाले. आवाज चढला नाही, म्हणूनच चेतनाला जास्त भीती वाटली. "न तपासता सही केली तं गाडी रुळावरून उतरते. मालूम आहे ना तुले?"

"हव."

"मंग काहून केली?"

"तुम्ही आयकूनच नाही घेऊन राहिले, बाबा. मले नवा रायपूरच्या एसी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर नाही बसायचं."

"काळे हात माह्यापर्यंत झाले तेवढे पुरे." मग थोडं थांबून म्हणाले, "बाहेर माही मोटरसायकल आहे. चेन ढिली झाली. कसून दाखव. नाही जमलं, तं कॉम्प्युटर."

मागच्या चाकाच्या नटाला गंज चढला होता, आणि बाबांना ते पक्कं ठाऊक असणार. बापही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता.

नट हलेना. चेतनानं चौकीदाराकडून रॉकेल मागून आणलं, नटावर सोडलं आणि मुरायची वाट पाहत उकिडवी बसली. जगात तिला वाट पाहणं एवढी एकच गोष्ट जमत नसे. दोनदा पाना उचलला, दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा नट करकरत फिरला. तिनं चेन ओढली, दीड बोट ढील ठेवली, नट आवळला. मग पान्यानं त्यावर हलकेच टकटक करून कान लावला.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कारखान्यात वॅगन ठोकून आवाज ऐकायची बाबांना सवय; घरातल्या खाटेपासून कुकरपर्यंत ते हेच करायचे, ते पाहून पाहून आलं होतं. तिनं मान वर केली. बाबा तिच्या काळ्या हातांकडे पाहत होते.

दोघं ऑफिसात परत आली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मारोतीभाऊ, एकनंतर झालेली सही मले चालत नाही," मॅडम म्हणाल्या आणि उगाच खिडकीबाहेर पाहू लागल्या.

चेतनानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाबा वेळ टाकल्याशिवाय सही करणार नाहीत, आणि खोटी वेळ तर मेले तरी टाकणार नाहीत.

बाबांनी तिची सही आडवी रेघ मारून खोडली. शेजारी आपली केली. पेन सहीखाली थांबला, बराच वेळ थांबला. मग त्यांनी सावकाश लिहिलं: १२:५५.

सव्वीस वर्षांतली ती पहिली खोटी वेळ होती. चेतनाला आपल्या खोट्या सहीची खरी लाज तेव्हा वाटली.