झमकूबाईंचे गॅस्टेरोपोडा

श्रेयांसच्या हातात मिठाचा पुडा दिसला, तशा झमकूबाई जपाची माळ हातात धरूनच मागच्या अंगणात आल्या. रात्रभर पाऊस झाला होता. भिंतीवर, नळाशी, सोनटक्क्याच्या पानांवर, जिकडे तिकडे मुठीएवढ्या गोगलगायी होत्या. झमकूबाईंनी पुडा काढून घेतला आणि माझ्या घरात जीव जाणार नाही, असं पन्नाशीच्या मुलाला शाळकरी पोराला सांगावं तसं सांगितलं. श्रेयांस मुकाट्याने कापडाच्या दुकानावर गेला. चाळीसगावच्या बाजारपेठेत त्याच्या शब्दाला वजन होतं, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे.

मग झमकूबाईंनी आपलं रोजचं काम सुरू केलं. पुंजणीने, म्हणजे मऊ लोकरीच्या छोट्या कुंच्याने, एकेक गोगलगाय हलकेच बादलीत सरकवायची, गल्लीच्या टोकाशी असलेला नाला छोट्या पुलावरून ओलांडायचा, पलीकडच्या मोठ्या कडुलिंबाखाली बादली उपडी करायची आणि डोळे मिटून नवकार मंत्र म्हणून माघारी फिरायचं. गेल्या पर्युषणात जैन स्थानकात महाराजसाहेबांनी व्याख्यानात या अभयदानाचा नावानिशी उल्लेख केला होता. तेव्हापासून झमकूबाई बादली जरा दिसेल अशी धरत. माणूसच होत्या, एवढं चालायचंच.

गोगलगायींना त्या गॅस्टेरोपोडा म्हणत. हे नाव नवऱ्याचं. निर्मलकुमार बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वडिलांनी त्यांना कॉलेजातून उठवून दुकानाच्या गादीवर बसवलं. प्राणिशास्त्राचं एक जुनं जाडजूड पुस्तक तेवढं घरी आलं आणि जन्मभर उशाशी राहिलं. पावसाळ्यात भिंतीवर गोगलगाय दिसली की निर्मलकुमार हात जोडून म्हणत, "या, गॅस्टेरोपोडा महाराज." नात पलक आता प्राणिशास्त्रच शिकत होती. हल्ली असं लिहीत नाहीत, गॅस्ट्रोपोडा म्हणतात, असं तिने दादीला दोनदा समजावलं. असेल, पण आपल्या घरी हेच नाव, असं म्हणून दादीने विषय मिटवला.

सोनटक्काही निर्मलकुमारांनीच लावलेला. दर श्रावणात उमललेलं पहिलं फूल ते बायकोच्या ओंजळीत आणून ठेवत. ते गेले त्याला दोन पावसाळे झाले. गोगलगायींना जीवदान मिळायचं, तसाच सोनटक्काही वाचायचा. हे झमकूबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

द्रौपदाबाई त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी आली, तीही रिकाम्या हातांनी. ती वर्षानुवर्षं दारावर भाजी आणायची. चातुर्मासात झमकूबाईंची पालेभाजी बंद, म्हणून त्यांच्यासाठी कोवळी गिलकी वेगळी काढून ठेवायची. आज तिने धुण्याभांड्याचं काम मिळेल का, असं विचारलं. झमकूबाईंनी तिला बसवलं, चहा दिला आणि भाजीचं काय झालं म्हणून विचारलं.

"बठ्ठा रोपं खाई टाकात, अक्का," द्रौपदाबाई म्हणाली. "गोगलगायीसनी. रोज मीठ टाकस, रोज मरतस, अन् दुसरा दिन आखो तितल्याच."

झमकूबाईंना आपली बादली आठवली. तुझा मळा नेमका कुठे आहे, असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांना आधीच कळलं होतं.

"नालाना पल्याड. त्या मोठा निंबना जोडे."

इतक्या वर्षांत त्यांनी कडुलिंबाच्या पलीकडे कधी पाहिलं नव्हतं. पाहतील कशा? बादली रिकामी झाली की डोळे मिटलेले. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. समोर द्रौपदाबाई चहावर फुंकर घालत होती.

"द्रौपदा, त्या मी सोडल्या," झमकूबाई म्हणाल्या. "रोज मीच सोडते."

द्रौपदाबाईने कप खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही सोडतस, अन् मी मारस," ती हळू आवाजात म्हणाली. दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. "मी बी जीवच शे ना, अक्का."

दुसऱ्या दिवशी उजाडताच झमकूबाई पुंजणी आणि रिकामी बादली घेऊन मळ्यात गेल्या. वाफ्यावाफ्यात वाकून त्या गोगलगायी वेचत राहिल्या. द्रौपदाबाई आधी बांधावरून नुसती बघत होती. मग मिठाचा डबा झोपडीत ठेवून आली आणि गोगलगायी उचलून अक्काच्या बादलीत टाकू लागली. त्या दिवसापासून दोघींचा हाच क्रम झाला.

वेचलेल्या सोडायच्या कुठे, हा प्रश्न होताच. जिथे कुणाचं काही पिकत नाही अशी जागा झमकूबाईंनी पुष्कळ शोधली. सगळीकडे कुणा ना कुणाचं शेत होतं. शेजारच्या दोन्ही अंगणांत फरशी होती, म्हणजे खाण्यासारखं काही होतं ते फक्त त्यांच्याच दारी. बादल्या घरी येऊन मागच्या अंगणात उपड्या होऊ लागल्या. श्रेयांसने कपाळावर हात मारून घेतला. झमकूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

महिन्याभराने द्रौपदाबाई सांगायला आली की नवी रोपं तग धरून आहेत, मिरचीने मान वर काढली आहे. बोलता बोलता तिची नजर अंगणात गेली. सोनटक्क्याचे नुसते दांडे उरले होते. तो कुणी लावलेला, हे तिला ठाऊक होतं. याच्याभोवती तरी चिमूटभर मीठ टाकू का, असं तिने विचारलं. झमकूबाईंनी मानेनेच नको म्हटलं.

ती गेल्यावर झमकूबाई पायरीवर बसल्या. एका दांडीवर एक कळी शिल्लक होती, उद्या उमलली असती. तिच्या दिशेने एक गोगलगाय संथपणे वर चढत होती. झमकूबाईंचा हात पुंजणीकडे गेला. नवऱ्याने ओंजळीत ठेवलेलं फूल आठवलं आणि त्यांना रडू आलं. पुंजणी मात्र त्यांनी उचलली नाही. दोन्ही हात जोडले.

"या, गॅस्टेरोपोडा महाराज," त्या म्हणाल्या.