सरबतात गेलेला बर्फ

मी शितलचा बर्फाचा डबा बोलतोय! पुण्यातल्या लॅबमध्ये वाढलो, एसीची सवय. २००६ साली तिथे विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या शितलने मला उचललं आणि थेट गोरेगाव नावाच्या खेड्याजवळच्या तिच्या बंजारा तांड्यावर आणलं. काय ऊन, यार!

तांड्यावर चिकुनगुन्या पसरला होता. शितलची याडी, म्हणजे आई, जमनाबाई तापाने फणफणलेली. कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे बसवणारी तिची बोटं सुजून वाकडी झालेली. शितलने याडीच्या रक्ताची बंद नळी माझ्या बर्फात खुपसली.

"याडी, यातला विषाणू पुण्याला जिवंत पोचला पाहिजे," म्हणाली आणि शेजारच्या पेशंटकडे गेली.

झालं! याडी तापातही उठली. माझं झाकण उघडलं, बर्फ काढला, लिंबू पिळलं.

शितल परतली तर समोर गारेगार सरबत.

"याडी! बर्फ कुठून आणला?"

"डब्यातून. लेकरू पुण्याहून आलं, त्याला कोमट पाणी पाजू व्हय?"

"अगं, त्यात तुझं रक्त ठेवलं होतं!"

"मग काहून वरडून राहिली? नळी न्हाई घातली मी सरबतात. वरचा बर्फ घेतला, धुऊन!"

भाऊ देविदास हसत हसतच मोटारसायकलवर बसला. गोरेगावच्या गोळेवाल्याकडून पोत्यात गुंडाळून बर्फाची लादी आणली. तोवर उरलेले चार खडे मी पोटाशी धरून बसलो होतो. कसली धाकधूक!

निघताना शितल म्हणाली, "विषाणूला एकट्याला वाढता येत न्हाई. आपल्याच पेशीतलं सामान वापरतो. कोणतं, ते शोधायचंय."

"त्यात काय?" याडी म्हणाली. "टाक्यातला एकेक धागा ओढून बघ. आरसा सुटला, की त्योच धागा."

शितलने अगदी तेच केलं! लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींतला एकेक जीन बंद करायचा आणि याडीच्या रक्तातला विषाणू सोडायचा. वर्षभर पठ्ठ्या मस्त वाढत राहिला. मग एकतिसावा जीन बंद केला आणि विषाणू जागच्या जागी अडला. पेशी मात्र धडधाकट! शितल लॅबमध्ये चक्क नाचली.

परवा पुन्हा तांड्यावर गेलो.

"औषध झालं काय?" याडीने विचारलं.

"न्हाई याडी, लई वर्षं लागतील. पण धागा सापडला."

याडीने सुई घेतली. बोटं आता सरळ चालतात. दोन दिवसांत तिने मला आरशांचं कव्हर शिवलं.

आता माझी कड चिरलीय, बिजागरी ढिली झालीय. तरी फेकू नका हं मला. अजून पुष्कळ धागे ओढायचेत. बर्फ भरा, न्याल तिथे येतो. फक्त पाहुणचाराचा बर्फ वेगळा आणा!