वना भोईच्या अर्जाचा खर्डा

मित्रांनो, मी एक जुना खर्डा आहे. खर्डा म्हणजे अर्जाचा कच्चा कागद. माझ्यावरून पाहून पक्का अर्ज उतरवायचा. माझी एक कड पाण्यानं फुगलेली आहे. ती का फुगली हे आठवलं, की आजही माझ्या घड्या आकसतात.

चिंध्यांच्या लगद्यातून माझा जन्म झाला आणि १९१२ साली मी धुळ्यात कचेरीसमोरच्या निंबाखाली अर्ज लिहिणाऱ्या नथ्थूनानांच्या हाती पडलो. तापीकाठचा वना भोई त्यांच्यापुढे उकिडवा बसला होता. त्याला हरकाऱ्याची, म्हणजे टपालाची थैली पायी गावोगाव पोचवायची नोकरी हवी होती. तो बोलत गेला आणि नाना माझ्यावर लिहीत गेले : 'अर्जदारास भरल्या तापीत पोहण्याचा दांडगा सराव असून भय म्हणून ठाऊक नाही.' ते अक्षर न् अक्षर खरं होतं. वनाला नोकरी मिळाली.

तिथून माझं नशीब फळफळलं. तापावर काढा लागू पडावा तसा हा अर्ज लागू पडतो, असा बोलबाला झाला. दर खंडेनवमीला नाना दौत-टाकासोबत मलाही हळदकुंकू वाहू लागले. येणारा म्हणायचा, "नाना, वनाना अर्ज लिखी द्या." फक्त नाव बदलायचं. बाकी काना-मात्रा हलली तर गुण जातो, अशी समजूत. त्यामुळे शाळेचा शिपाई, बागेचा माळी, कचेरीचा पंखेवाला, सगळेच भरल्या तापीत पोहू लागले. कागदोपत्री धुळ्यात इतके पोहणारे झाले, की सगळे एकदम उतरले असते तर गावच्या पांझरा नदीचं पाणी पुरलं नसतं. लोक हसत, माझी पूजा करत. मला मात्र एकच धास्ती होती. एखाद्या दिवशी कुणीतरी साहेब मला खरं धरील.

चोवीस पावसाळे गेले. मग हिलाल आला. तो जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गठ्ठे वाही. जिन चालायचं दिवाळी ते होळी, पुढे हात रिकामे. मग बायको सुंदरबाई माहेरी आणि हा मजुरीच्या शोधात. बारमाही नोकरी मिळाली तरच दोघांची चूल एका जागी पेटणार होती. तापीकाठी हरकाऱ्याची जागा रिकामी झाल्याचं त्याच्या कानी आलं होतं. का रिकामी झाली, ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला लिहिता येई, म्हणून माझ्यावरून स्वतःच अर्ज उतरवताना त्याचा हात थबकला. "नाना, माले पव्हता येत नही."

नाना म्हणाले, "तुला पोहता येत नाही, साहेबाला वाचायला सवड नाही. फिट्टंफाट. तू लिही."

वर शकुनाला म्हणून हिलालनं मलाच मागून घेतलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

टपालाचा नवा इन्स्पेक्टर मात्र वाचणारा निघाला. श्रावणात, नेमणुकीआधी पारख म्हणून, त्यानं हिलालला घाटावर बोलावलं. तापी दुथडी भरून वाहत होती, नाव बंद होती. साहेबानं अर्ज पुन्हा नीट वाचला आणि शांतपणे म्हणाला, "थैली पलीकडे गेलीच पाहिजे. तरंगायला भोपळ्यांची सांगड आहे. थैली डोक्याला बांध आणि जपून जा. तुझ्या आधी इथे वना भोई होता. पट्टीचा पोहणारा. गेल्या महिन्यात या पाण्यानं त्याला नेलं."

मित्रांनो, माझ्यावरची शाई वाळून चोवीस वर्षं झाली होती, पण ती त्या क्षणी गोठली. ज्याच्या बोलांवर माझी पूजा होत होती, त्याला ते सगळं खरं असूनही नदीनं सोडलं नव्हतं. आणि तेच बोल खोटे घेऊन हा माणूस पाण्यात पाय टाकत होता. पाणी गुडघ्यांशी, मग कमरेशी आलं. मग माझी कड भिजली. मागून हिलालची छाती माझ्यावर घणासारखी आदळत होती. नोकरीसाठी हा बुडेल, पण बोलणार नाही, असंच मला वाटलं.

तो थांबला. मागे वळला.

"साहेब, हाऊ अर्ज मना नही शे. वनाना शे. माले पव्हता येत नही."

साहेबानं हातातला अर्ज मिटला. मग म्हणाला, "बाहेर ये आधी." काठावर आल्यावर त्यानं विचारलं, "मग तुला येतं काय?"

"चालता येस. वझं लिसन दिनभर चालस."

"मग तेच लिहून दे."

दुसरा कागद नव्हता. साहेबाची पेन्सिल घेऊन हिलालनं माझ्याच कोऱ्या पाठीवर लिहिलं : 'मी हिलाल. पोहता येत नाही. ओझे घेऊन दिवसभर चालतो. वाटेत कोणाच्या ओट्यावर बसत नाही.' थैली त्या दिवशी अलीकडेच राहिली. हिलाल माणसासारखा माणूस, तोही अलीकडेच राहिला. आठ दिवसांनी त्याला नदी न लागणाऱ्या, खुश्कीच्या वाटेचं टपाल मिळालं. नेमणुकीच्या हुकुमाला जोडून मी टपाल कचेरीच्या दप्तरात गेलो.

तेव्हापासून सुतळीत ओवलेला पडून आहे. हळदकुंकू नाही, गिऱ्हाईक नाही. वाळवी मात्र येऊन-जाऊन असते. तिची भीती वाटते, पण घाटावरच्या भीतीपुढे ती काहीच नाही.

मित्रांनो, मायना दुसऱ्याचा बघून शिका, अक्षरही गिरवा. पण अर्जाखाली सही करण्याआधी घटकाभर मनानं घाटावर उभे राहा. लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं धरून साहेब उद्या म्हणाला, 'उतर पाण्यात', तर तुम्ही उतराल का?