निळा डोळा

संगणक सुरू झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो निळा डोळा पुन्हा उघडला.

"आलं परत!" मिरचीने माऊस आपटला. "बाबांनी काल माझ्यासमोर काढून टाकलं होतं, आत्या!"

ते पाळत ठेवायचं सॉफ्टवेअर होतं, आणि बाबांनीच ते घातलं होतं. मिरची जे टाइप करी, ते त्यांना फोनवर दिसे. मैत्रिणीने विश्वासाने लिहिलेली तिच्या घरची भांडणं त्यांनी वाचली आणि तिच्या आईच्या कानावर घातली. तेव्हापासून मैत्रीण मिरचीशी बोलत नव्हती. 'आता कोणी वाचत नाही' एवढं तिला खरंखुरं सांगता यावं, म्हणून मिरचीची धडपड चालली होती.

आत्या शाळेत संगणक शिकवायची. "माऊसने तुझं काय घोडं मारलंय? बस. मी सांगते, तू कर."

मिरचीने सॉफ्टवेअर काढलं, संगणक बंद करून सुरू केला. डोळा हजर.

"आता आधी इंटरनेटची वायर काढ, मग तसंच कर."

या वेळी डोळा आला नाही. वायर परत जोडली, तसा आला.

"म्हणजे काय झालं?"

"इथून जातंय," मिरची सावकाश म्हणाली, "पण बाहेरून कोणीतरी परत धाडतंय."

ती उठली ती थेट बाबांसमोर. "तुमच्या फोनमध्ये त्याचं खातं चालूच आहे, तिथूनच ते परत येतंय. माहीत होतं ना तुम्हाला?"

बाबा चष्मा पुसू लागले.

"बोल की रे," दारातून आत्या म्हणाली.

"काळजी वाटते गं ताई. तुला काय, दिवसभर दुसऱ्यांची पोरं."

"त्यांची दप्तरं मी उचकत नाही."

बाबांनी चडफडत फोन उघडला आणि खातं बंद करायला घेतलं. पडद्यावर प्रश्न आला: आजवरचा मजकूर ठेवायचा की पुसायचा? त्यांचा अंगठा 'ठेवा'कडे सरकला.

"बाबा!"

"अगं, उद्या कधी गरज पडली तर..."

"ठेवा! खुशाल ठेवा!" मिरचीचा आवाज चिरकला. "पण माझ्या मैत्रिणीला सांगायला तुम्ही जा. मी खोटं बोलणार नाही."

बाबांनी अंगठा मागे घेतला. मग त्यांनी सगळं पुसलं. मिरचीने फोन हिसकावून खात्री करून घेतली.

"झालं समाधान?"

"चपला घाला."

"आता कशाला? पुसलं ना!"

"तेच तिला सांगा. माझ्या शब्दावर ती आता कशाला विश्वास ठेवेल?"