भरतीला न जुमानणारा खांब

समुद्राकडच्या गल्लीतली माणसं सकाळपासून धक्क्यावर माना उंचावून उभी होती. भर पाण्यात गावात नव्याने आलेल्या बाबांचा खांब होता आणि खांबावर तांबडी रेघ. भरती धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून गिळत होती, पण रेघेला पाणी शिवत नव्हतं. पायऱ्यांकडे कोणी पाहत नव्हतं. पायऱ्या काय, कुठेही असतात.

"पाताळातल्या खडकात रोवलाय हा," बाबा भोंग्यातून सांगत होते. "समुद्र माझ्यापुढे मान खाली घालतो. पण ज्याच्या दारात वाळूची पोती, त्याच्या मनात शंका. शंकेखोराच्या घरी समुद्र जातीने चौकशीला जातो."

झालं, गल्लीने दारातली पोती हटवली. बेकरीवाल्याने सगळ्यांच्या आधी. त्याची बायको कणीक मळता मळता हिशेब करत होती. उद्या उधाणाची भरती आणि भट्टी रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. तापल्या भट्टीत पाणी शिरलं की ती तडकणार, मग बेकरी संपलीच.

"पोती परत लावू या," ती म्हणाली.

"आणि बाबांना काय तोंड दाखवू?"

"त्यांना तोंड दाखवाल हो. गिऱ्हाइकाला पाव कुठून दाखवाल?"

दुपारी नणंद सुट्टीवर आली. ती उपग्रहांच्या कचेरीत समुद्राची उंची मोजायची.

"वन्सं, तुमच्या भावाला तुम्हीच सांगा."

"आकाशातून समुद्र मोजतेस म्हणे," भाऊ चहा ओतत म्हणाला. "टेप केवढी लागते?"

"टेप नाही, दादा. फोनला रस्ता दाखवणारे उपग्रह असतात ना, त्यांचा संदेश आमच्या उपग्रहाला दोनदा ऐकू येतो. एकदा सरळ, एकदा समुद्रावर आपटून. आपटून येणारा उशिरा पोचतो. पाणी चढलं की त्याची वाट आखडते, उशीर कमी होतो. त्या उशिरावरून उंची काढायची."

"म्हणजे उशिरा येणाऱ्यावर तुझा पगार."

"उशिरा येऊन पगार घेणाऱ्या तुझ्या पोऱ्यांसारखाच. पण मोजणारी वस्तूच हलली तर माप खोटं; तुमचा खांब हलत असेल तर?"

"पण उपग्रहही पळतातच की. मग आमच्या खांबाने काय घोडं मारलंय?"

"ते पत्ता सांगून पळतात. कुठल्या क्षणी कुठे, हे ठाऊक असतं. मोजायची काठीच पाण्याबरोबर वरखाली होत असेल तर मोजणार काय? तुझा खांब हलत नाही, हे कोणी पाहिलं?"

"बाबांनी सांगितलंय."

"मी विचारतेय, कोणी पाहिलं का?"

"मग बघ ना तुझ्या उपग्रहातून."

"तो मोठ्या समुद्रासाठी आहे. एवढ्याशा खांबाला वरची खिडकी पुरे."

बेकरीवाली कणकेच्या हातानेच उठली. ओहोटी लागली होती. वरच्या खिडकीच्या चौकटीवर तिने हनुवटी टेकवली, एक डोळा मिटला आणि खांबाचं टोक दिसत होतं तिथे काचेवर कणकेचा ठिपका लावला. "दूरच्या दीपस्तंभालाही लावा, वहिनी," नणंद म्हणाली. "तो तरी जागेवर राहील."

संध्याकाळी भरती आली. बेकरीवालीने पुन्हा हनुवटी टेकवली. दीपस्तंभ आपल्या ठिपक्यावर. खांबाचं टोक मात्र ठिपक्याच्या चांगलं बोटभर वर. तिने नवऱ्याची मान धरून चौकटीवर ठेवली.

त्याने एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने. "खांब चढलाय," तो हळूच म्हणाला.

मग बेकरीच्या जिन्यावर रांग लागली. जो तो हनुवटी टेकवून पाहायचा आणि खाली उतरून पुढच्याला वर पाठवायचा. शेवटी होडीवाल्याने होडी काढली आणि वल्ह्याने खांब दाबला. समुद्राचं माहीत नाही, खांबाने मात्र मान खाली घातली आणि डुलत वर आला. पाण्याखाली पाताळ नव्हतं; दोन रिकामी पिंपं आणि नांगराची साखळी होती. पाणी चढलं की खांब चढणार, रेघही चढणार. ती बुडेल कशी?

बाबा भोंगा धक्क्यावरच टाकून गेले होते. पत्ता न सांगता.

रातोरात गल्लीच्या दारांत पोती लागली. सकाळी उधाण आलं, बेकरीच्या तिसऱ्या पोत्याला टेकलं आणि परतलं.

"आता नमस्कार कोणाला करायचा?" नवऱ्याने विचारलं.

"कोणालाच नको. पाव भाजायला घ्या."

कोणी चमत्कार मोजून दाखवला, तर माप कशावर उभं आहे ते आधी पाहावं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. बेकरीवालीने ती काच अजून पुसलेली नाही. पुढचे बाबा येतीलच. हनुवटी टेकायला जागा तयार हवी.