खालच्या खोल्यांची भाडेकरू

घर घेतलं तेव्हाच सरितानं ठरवून टाकलं होतं, वर आपण राहायचं आणि खालचं भाड्यानं द्यायचं. हिंगोलीच्या कडेच्या वस्तीतलं दुमजली घर. वर-खाली सारख्याच दोन-दोन खोल्या, जिना बाहेरून. नवऱ्याच्या, विश्वंभरच्या पगारात संसार भागायचा, पण बँकेचा हप्ता खालच्या भाड्यावरच टेकलेला. भाडं चुकलं की घर गेलं, इतकं ते सरळ होतं.

भाडेकरू बघायचं काम वसरामकडे. तो गोरेगाव-हिंगोली जीप चालवायचा आणि येता-जाता लोकांना खोल्या लावून द्यायचा. सरितानं त्याला खोदून खोदून विचारलं.

"एकटी बाई हाय, वैनी. म्हातारीच म्हना. कटकट न्हाई."

"पोरंबाळं?"

"हायेत की. पन ते येऊन राहनार न्हाईत."

"काहून?"

वसरामनं मान खाजवली. "त्यांचं त्यांनाच सरंना."

"मंग बरंच झालं. मला ये-जा नकोच."

वसरामच्याच हातून आगाऊ भाडं आलं, त्यातून जिन्याला कठडा बसला. पोरगा, बंटी, नुकता धडपडत चालायला लागला होता. सरिताचा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी जीप दारात थांबली. नव्या बाईला चहा विचारावा म्हणून सरिता बंटीला कडेवर घेऊन खाली उतरली. जीपमधून आधी पत्र्याची पेटी निघाली, मग शेगडी, मग लुगड्याचा पदर सावरत शालूबाई. तिची सासू.

सरितानं नवा कठडा घट्ट धरला.

"आत्याबाई? तुमची पाळी तर अजून..."

शब्द बाहेर पडला आणि तो परत गिळावा असं तिला झालं. सासरे गेल्यापासून शालूबाई दोन लेकांत वाटलेल्या. दिवाळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत गोरेगावात थोरल्या सोमेश्वरकडे, पुढे धाकट्या विश्वंभरकडे. दोन्ही घरी त्याला पाळीच म्हणत.

"पाळीवर न्हाई आले, माय. भाड्यानं आले," शालूबाई म्हणाल्या. "वसराम, पेटी आत घे."

विश्वंभर अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून धावत आला. "माय, हे काय करून राहिली? आईकडून भाडं घेतो म्हनून लोकं तोंडात शेण घालतील! वर चल. पैसे वापस देतो."

"कुठून देतो? ते तर जिन्याला लागलेले दिसून राहिले."

वसराम एकदम जीपचं चाक तपासायला वाकला.

"माझ्या नावचं वावर यंदा ठोक्यानं दिलं, वर्साचे पैसे एकदम हातात आले," शालूबाई सांगू लागल्या. "भाड्याची काळजी नको. दोन्हीकडं मला गोड घास मिळाला, खोटं न्हाई बोलनार. पन पाळी संपत आली की समदे माझ्या गाठोड्याकडं बघतेत. भाडेकऱ्याला कोनी तसं बघत न्हाई, बाबू."

सरिताच्या कानात वसरामचं बोलणं घुमलं. त्यांचं त्यांनाच सरंना. ते आपल्याबद्दल होतं! आणि आपण काय म्हणालो? बरंच झालं. बंटी आजीकडे झेप घेत होता, तरी तिचे हात त्याला सोडेनात.

विश्वंभर पेटी उचलून जिन्याची पहिली पायरी चढलासुद्धा. पेटी वर गेली तर हप्ता कोण भरणार, हे सरिताला आधी आठवलं आणि त्याची तिला लाज वाटली. मग तिचं लक्ष सासूच्या मुठीकडे गेलं. मुठीत कोरं करकरीत कुलूप होतं, किल्ली अजून दोऱ्यानं बांधलेली.

"खाली ठेवा ती," ती म्हणाली.

"येडी झाली का तू?"

"खालचं घर त्यांनी घेतलंय. पेटी कुठं ठेवायची ते त्याच सांगतील."

शालूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. पेटी आत गेली. दार लागलं आणि आतून कडी वाजली. थोड्या वेळानं उतू गेलेल्या दुधाचा वास आला. शालूबाई नव्या घरात दूध उतू घालत होत्या, रीतीप्रमाणे, आपल्या शेगडीवर.

बंटी कडेवरून उतरून दाराकडे दुडदुडला आणि घरच्यासारखं ढकलू लागला. सरितानं त्याचा हात धरला, इवलीशी मूठ वळवली आणि त्या मुठीनंच दार वाजवलं.

"कोन हाय?"

इतक्या वर्षांत सासूनं तिला हे कधी विचारलं नव्हतं.

"वरचे आलोत," सरिता म्हणाली, आणि दार उघडायची वाट बघत पायरीखाली उभी राहिली.