डावा डोळा

दर रविवारी दुपारी चष्मेवाला दुकानाचं शटर अर्धं ओढून मुलीला व्हिडिओ फोन लावायचा. मुलगी आईकडे, दुसऱ्या देशात. कोर्टानं ठरवून दिलेला तासाभराचा बाप होता तो. खर्चाचे पैसे न चुकता जायचे, त्यावरून तक्रार नव्हती. भांडण होतं ते सुट्टीचं. उन्हाळ्यात पोरीला माझ्याकडे पाठव, एवढंच त्याचं म्हणणं, आणि आई काही केल्या बधत नव्हती. पुढच्या महिन्यात तारीख होती.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ! त्या रविवारी ती चक्क बसून चित्र काढत होती. काढता काढता कागदाकडे निरखून बघायला लागली, तसा तिचा डावा डोळा हळूच नाकाकडे सरकला. मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि डोळा पुन्हा जागेवर आला.

चष्मेवाला पडद्याजवळ सरकला. असले डोळे त्यानं आजवर पुष्कळ पाहिले होते. लांबचं उत्तम दिसतं, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. जवळचं बघताना मात्र डोळ्यावर ताण येतो आणि तो आत वळतो. वेळेवर चष्मा लागला तर निभावतं. नाही लागला तर तो डोळा हळूहळू कामच सोडून देतो.

खरं तर लगेच पोरीच्या आईशी बोलायला हवं होतं. ह्यानं फोन केला वकीलबाईंना. कोर्टाच्या फेऱ्यांनी माणसाचं असंच होतं. शिंक आली तरी आधी वकिलाला विचारतो.

"अहो, मग आता अवाक्षर काढू नका," वकीलबाई खूश झाल्या. "आईचं पोरीकडे लक्ष नाही, हे तारखेलाच पुढे ठेवू. महिनाभरात डोळा कुठे पळून जातोय?"

तो मूग गिळून बसला. पुढचा रविवार गप्पांत गेला. महिन्यानं काय बिघडतंय, असं तो स्वतःला समजावायचा. हेच एखादं गिऱ्हाईक म्हणालं असतं, तर त्याला हाकलूनच दिलं असतं यानं. बोलता बोलता त्याचे डोळे भरून यायचे. भिंगरीला ते कधी कळायचं नाही. नेट खराब असेल, असं त्याला वाटे.

त्याच्या पुढच्या रविवारी पोरगी बोलेचना.

"काय गं, आज भिंगरी फिरत नाही?"

"मी ढ आहे, बाबा."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. धडा वाचताना अक्षरं हलतात माझी. बाई म्हणतात, नाटकं करते. आईपण म्हणते, लांबच्या झाडावरची खार बरी दिसते तुला! खोटारडी कुठली!"

चष्मेवाल्याला स्वतःची लाज वाटली. नुसती लाज नाही, किळस.

"आईला बोलव."

आई ओल्या हातांनीच आली. "काय आता?"

"उद्याच्या उद्या तिचे डोळे तपासून घे. जवळचं बघताना डावा डोळा आत वळतो. ती ढ नाही गं, तिला अक्षर नीट दिसत नाही."

आईनं पुस्तक उघडून पोरीपुढे धरलं आणि वाकून पाहिलं. "मला कसं दिसलं नाही रे?" असं ती त्याच्याशी कितीतरी वर्षांनी बोलत होती. मग तिनं मान वर केली. "तुला कधी दिसलं?"

आज, म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण खोटारडी ठरवलेली ती पोर समोरच उभी होती. तिच्यादेखत त्याची जीभ रेटेना.

"दोन आठवडे झाले."

"आणि गप्प बसलास?"

"तारखेसाठी."

तिनं फोन बंद केला.

तारखेला तिच्या वकिलानं हेच पुढे केलं. स्वतःच्या पोरीचा डोळा ज्यानं दाव्यासाठी पणाला लावला, त्याच्याकडे तिला कसं पाठवायचं? न्यायाधीशांना ते पटलं. यंदा सुट्टी नाही, रविवारचा तास तेवढा चालू राहील. "तुम्हीच आयतं कोलीत दिलंत त्यांच्या हातात!" वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. त्याला पोरीच्या आईचा संताप आला, पण तो टिकेना. आपण तरी दुसरं काय करणार होतो?

तारखेनंतरच्या रविवारी भिंगरी चष्मा लावून आली. लाल फ्रेम, जाड काचा, आणि एका कानावर पार वाकडी. चष्मेवाल्याची बोटं आपोआप पडद्याकडे गेली आणि काचेवर अडली.

"आईला म्हणावं, काडीचं टोक कोमट पाण्यात धर आणि अगदी हलक्या हातानं वाकव."

"ऐकलं मी," पलीकडून आईचा आवाज आला.

भिंगरीनं तोंड अगदी जवळ आणलं. दोन्ही डोळे सरळ त्याच्याकडे बघत होते. त्याला भरून आलं. नेहमीसारखं त्यानं डोळे पुसलेही नाहीत, तिला कुठे कळतंय!

"बाबा, तू रडतोयस?"

"छे गं."

"खोटं नको बोलू, मला दिसतंय." तिनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि त्याला निरखून पाहिलं. "तू आधीपण रडायचास?"

"दर रविवारी," तो म्हणाला.